पुढची सीट

माझी सासू, गोजराबाई, आयुष्यभर दुसऱ्यांच्या पाठी बघत आली. हा टोमणा नाही हं, खरी गोष्ट सांगतेय. लग्नाच्या वरातीत जीपमध्ये मागे, कारण पुढे तिचा सासरा आणि मामेसासरा बसलेले. शेत होतं तेव्हा बैलगाडीत मागे, भाऱ्यांना टेकून. भाजी घेऊन बाजारात जायची तेव्हा टेम्पोच्या हौद्यात, टोपल्यांबरोबर. पुढे बाबांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, राजदूत घेतली, तर तिच्यावरही मागेच. आता मोटरसायकलवर बायकोला पुढे बसवता येत नाही हे मलाही कळतं. पण एकंदरीत बाईच्या वाट्याला काय आलं ते सांगतेय.

म्हणून सत्त्याण्णव साली आमच्या घरात गाडी बुक झाली तेव्हा आई, म्हणजे ही माझी सासू, एकदाच बोलली. ओट्यावर बसून सुकट निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “मी पुढं बसनार.”

बाबा चहा पीत होते. ते हसले आणि म्हणाले, “बस की. तुना कोन नाय बोलतंय?”

झालं. एवढंच बोलणं. पण मी तिथे होते, माझा नवरा प्रीतम तिथे होता, म्हणजे दोन साक्षीदार झाले. त्यानंतर आईने गाडीचा रंग विचारला नाही, किती बसतात विचारलं नाही, कधी येणार तेही विचारलं नाही. फक्त मुंबईहून येणाऱ्या पाहुण्यांच्या गाडीत पुढे बसलेली बाई दिसली की ती कशी बसलीय, हात कुठे ठेवलाय, ते नीट बघून ठेवायची.

मी सुचिता, या घरची एकुलती एक सून. तोंडाने फटकळ आहे हे आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणी सांगायला नको. आम्ही तळवलीचे. शेतं सिडकोत गेली, त्यावर बिल्डिंगी आल्या, बाबा गोटीराम शेतकऱ्याचे घरमालक झाले. पण गावात अजून देवी आहे, वेस आहे, आणि माझ्या दुर्दैवाने आत्याबाई आहेत.

आत्याबाई म्हणजे बाबांची थोरली बहीण, जाईबाई. गावात कुणाकडे काही नवीन येणार असलं की आधी आत्याबाई येतात आणि मग ती वस्तू. आमच्याकडे फ्रीज आला तेव्हा पहिले काही दिवस त्यात नुसतं दूध ठेवायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. का, ते विचारायचं नाही. मी विचारलं होतं, आणि मग आठवडाभर त्या माझ्याशी भिंतीमार्फत बोलत होत्या. गाडीसाठी त्यांनी नियम काढला तो असा: मंगळवार देवीचा वार, म्हणून गाडी मंगळवारी आणायची. देवीपुढे ठेवलेला नारळ शोरूममध्ये न्यायचा आणि गाडीतून परत आणून देवीलाच वाढवायचा. वाटेत तो नारळ खाली टेकवायचा नाही. गाडी शोरूममधून निघाली की थेट देवळात. मध्ये थांबायचं नाही आणि उलट्या दिशेला तोंड करायचं नाही.

नारळ कुणी धरायचा हा प्रश्न आला तेव्हा आई पटकन म्हणाली, मी धरते. मला मनातल्या मनात बरं वाटलं. देवीचा नारळ काय मागच्या सीटवर बसणार आहे का? बाई अगदीच भोळी नव्हती.

दुसरा मान जावयाचा. श्यामसुंदर भावोजी, माझ्या नणंदेचे यजमान. जुईनगरला फ्लॅट, पावणे गावच्या एका कंपनीत ऑफिसात नोकरी, स्वतःची स्कूटर. गाडी सोडून गाडीचं सगळं त्यांच्याकडे होतं. गाड्यांची इंग्रजी मासिकं घेतात, रस्त्यावर हॉर्न वाजला की न बघता गाडीचं नाव सांगतात. मंगळवारी त्यांनी खास रजा टाकली. प्रीतमला आदल्या दिवशी फोन करून सांगितलं की तुम्ही कशालाही हात लावू नका, शोरूमवाले लोक फसवतात, मी येतो आणि एकेक गोष्ट बघतो. नणंद मात्र ओवाळायच्या तयारीसाठी आमच्या घरीच थांबली. ती शहाणी आहे.

आम्ही गाडी आणायला गेलो ते गाडीत बसतील त्याच्या तिप्पट माणसं घेऊन. शेजारच्या किसनचा टेम्पो होता, त्यात चुलते, चुलत्या, पोरं, पूजेचं सामान. पावण्याला कारखान्यांच्या रांगेत ते शोरूम होतं. काचेचं दार ढकलून आम्ही सगळे आत शिरलो तेव्हा तिथल्या टायवाल्या माणसाला वाटलं, चार-पाच गाड्या खपणार. त्याने घाईघाईने चहा सांगितला. सगळे एकाच गाडीसाठी आलेत हे कळल्यावर चहा यायला बराच वेळ लागला.

अकराला देतो म्हणालेली गाडी एक वाजेपर्यंत काही मिळेना. आधी धुतायत म्हणाले, मग पुसतायत म्हणाले, मग नुसतंच आणतोय म्हणाले. ज्यांना नवीन गाडी घ्यायचीय त्यांनी माझं ऐका, घरून जेवून जा. शेवटी ती आली. पांढरीशुभ्र, सीटवर प्लॅस्टिक, पुढच्या काचेवर कागद चिकटवलेला. खोटं कशाला बोलू, मला भरून आलं. बाबा तर गाडीला हात लावायचं सोडून तिच्याभोवती नुसते फिरत राहिले, लेकीच्या सासरी पहिल्यांदा गेलेला बाप फिरतो तसे.

मग भावोजींनी ताबा घेतला. बाह्या वर केल्या आणि खिशातून लोहचुंबक काढलं. पत्र्यावर कुठे लांबी-पुट्टी भरून रंग मारलाय का, ते चुंबकाने कळतं म्हणे. दारं उघडून लावून बघितली, वायपर फिरवले, हॉर्न वाजवला, स्टेपनी बाहेर काढून परत ठेवली. मग चालकाच्या बाजूने आत बसले, किल्ली फिरवली आणि म्हणाले, नवीन इंजिन आहे, नीट गरम झाल्याशिवाय हलवायचं नाही. गाडी उभ्या उभ्या घरघरत राहिली. पूजेची मांडणी होईपर्यंत घरघरली, आत्याबाईंना चार सारखी लिंबं पसंत पडेपर्यंत घरघरली. मध्येच भावोजींनी आवारात दोन-चार चकरा मारून घेतल्या, पुढे, मागे, पुन्हा पुढे. रिव्हर्सला आवाज येतोय का ते बघत होते. टायवाला माणूस दोनदा पुढे येऊन काहीतरी सांगू बघत होता. पण जावई गाडी तपासत असताना मध्ये कोण बोलणार?

पूजा आईने केली. बॉनेटवर कुंकवाने स्वस्तिक काढलं, चाकांना हळद लावली, हार घातला, मग आत वाकून स्टिअरिंगला आणि त्याच्यापुढच्या मीटरच्या पट्टीला बोटं टेकवली. तेव्हा तो टायवाला तिच्या शेजारी वाकून, मीटरकडे बोट दाखवत काहीतरी सांगत होता आणि ती मान हलवत होती. मी लांबून बघितलं. मला वाटलं, सांगत असेल की काकू, कुंकू काचेवर नको.

किल्ली प्रीतमच्या हातात देताना तो एवढं सगळ्यांसमोर म्हणाला की साहेब, लगेच पेट्रोल भरून घ्या. प्रीतम म्हणाला, ठीक, आधी पंपावर जाऊ. पंप होता तुर्भ्याच्या बाजूला, म्हणजे आमच्या गावाच्या बरोबर उलट. आत्याबाईंनी डोळे असे काही वटारले की प्रीतमने पंपाचं नाव सोडलं. मग वाटेतल्या पंपावर थांबू म्हणाला. तर वाटेत थांबायचं नाही. भावोजींनी दोघांची समजूत काढली. म्हणाले, शोरूमवाले पाच लिटर तरी घालतातच, मला माहीत आहे, आणि तळवली आहे कितीशी लांब.

आता तुम्ही म्हणाल, प्रीतमला काटा बघता येत नव्हता का? येत होता, पण सवय नव्हती. तो गाडी शिकला किसनच्या टेम्पोवर. त्या टेम्पोचा डिझेलचा काटा कधीचाच मेलेला. टाकीत बांबूची काठी घालायची आणि किती ओली झाली ते बघायचं, ही आमच्याकडची पद्धत. नव्याकोऱ्या गाडीत काठी घालणं बरं दिसत नाही, एवढं त्यालाही कळत होतं. म्हणून त्याने काहीच बघितलं नाही.

चाकांखाली लिंबं ठेवली, फोटोवाला आला. फोटोत बाबा आणि प्रीतम पुढे उभे, आई नारळ घेऊन दाराशी. ती दाराशी का उभी होती ते मला बरोबर कळत होतं. ते पुढचं डावं दार होतं.

आणि फोटो होतोय न होतोय तोच भावोजी त्या दाराने आत जाऊन बसले. पुढे. काहीतरी तपासायचं राहिलं होतं म्हणे, सीटसमोरचा कप्पा उघडतो की नाही ते. कप्पा उघडला, बंद झाला, पुन्हा उघडला. भावोजी काही उठले नाहीत. पट्टा ओढून बघितला, तो लावून घेतला, आणि मग तर उठायचा प्रश्नच मिटला.

जावयाला उठ कोण म्हणणार? मी प्रीतमकडे बघितलं, त्याने आरसा नीट करायला घेतला. मी बाबांकडे बघितलं. या माणसाने भर ओट्यावर शब्द दिला होता, आणि हा आता मूग गिळून आभाळाकडे बघत होता. मला इतका राग आला की विचारू नका. मीच शेवटी म्हटलं, भावोजी, मागे ऐसपैस बसा की, पुढे गुडघे अडकतील तुमचे. ते म्हणाले, छे छे वहिनी, तुम्ही बायकामाणसं मागे आरामात बसा, प्रीतमला रस्ता सांगायला कुणीतरी पुढे हवं. ज्या रस्त्यावर प्रीतम जन्मापासून ये-जा करतोय, तो रस्ता!

आई मागे गेली. मागचं दार कसं उघडतात ते तिला कळेना, ते मी उघडलं. नारळ छातीशी धरून ती आत सरकली. एका खिडकीला बाबा, दुसऱ्या खिडकीला आत्याबाई, मध्ये मी आणि आई. म्हणजे तिला खिडकीसुद्धा मिळाली नाही. समोर भावोजींचं डोकं. मागून टक्कल पडायला लागलंय त्यांना, ते त्या दिवशी आम्हाला दोघींनाही तपशीलवार दिसलं.

लिंबं फुटली, टाळ्या झाल्या, आम्ही निघालो. टेम्पोतली मंडळी सुसाट पुढे गेली, कारण वेशीवर बेंजोवाले बोलावले होते आणि त्यांना वेळेवर उभं करायचं होतं. आम्ही ठाणे-बेलापूर रोडला लागलो. केमिकलचे टँकर दोन्ही बाजूंनी जात होते आणि प्रीतम गाडी अशी चालवत होता जशी काय आत बाळंतीण आहे. प्लॅस्टिकच्या सीटवर घामाने आम्ही चिकटून बसलो होतो. ते प्लॅस्टिक काढायचं नाही हाही आत्याबाईंचाच हुकूम. भावोजी रस्ता सांगत होते. सरळ, सरळ, सरळच.

कोपरखैरणे मागे पडल्यावर आई पुढे वाकून म्हणाली, “प्रीतम, तो टायवाला सांगत व्हता...”

भावोजी अर्धवट वळले. “मामी, तुम्ही टेन्शन नका घेऊ. मी सगळं चेक केलंय.”

आईने नारळ सावरला. जरा वेळाने पुन्हा तोंड उघडलं, तर आत्याबाईंनी तिचा हात दाबला. देवीचा नारळ धरलेल्या बाईने वाटेत बोलायचं नसतं म्हणाल्या. हा नियम त्यांनी त्याच क्षणी केला असावा असा माझा संशय आहे. कारण स्वतः त्या पावण्यापासून एक मिनिट थांबल्या नव्हत्या. आई मागे टेकली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, पण काहीतरी मिटल्यासारखं झालं, आणि ते मला रागापेक्षा जास्त लागलं. सगळ्या आयुष्यात बाईने एक गोष्ट मागितली, तीही फुकटची, आणि आम्हा पाच जणांकडून तेवढी झाली नाही.

घणसोली गेली आणि गाडीने एक उचकी दिली. मग दुसरी. प्रीतमने रस्त्याच्या कडेला घेईपर्यंत ती बंदच पडली. पुढे वेशीवरचा वड दिसत होता. बेंजोवाल्यांनी वाद्यं जुळवायला घेतली होती, तेही ऐकू येत होतं.

भावोजी खाली उतरले, बॉनेट उघडलं आणि आत डोकं घातलं. प्लग असेल म्हणाले, मग कचरा आला असेल म्हणाले, मग मॅन्युफॅक्चरिंगचं काहीतरी नाव घेतलं. प्रीतम जागेवरच बसून होता. त्याचं लक्ष आत्ता कुठे मीटरकडे गेलं. तो हळूच म्हणाला की काटा पार खाली टेकलाय. भावोजींनी डोकं बाहेर काढलं तेव्हा नाकाला काळं लागलं होतं, आणि ते सांगायची माझी इच्छा झाली नाही.

प्रीतम म्हणाला, रिक्षा बघतो, कॅनमधून आणतो पेट्रोल. पण आत्याबाईंचा जीव खालीवर व्हायला लागला. आधीच थांबलोय, आता आणखी थांबायचं? नवी गाडी, मंगळवार, भर दुपार, वाटेत उभी? त्यांनी वडाकडे बोट केलं आणि फर्मान काढलं की ढकला. वजन नको म्हणून सगळ्यांनी उतरायचं. फक्त नारळ उतरवायचा नाही. तो गाडीतून निघाला, गाडीतूनच देवीकडे गेला पाहिजे. म्हणजे नारळवाली बसून राहणार.

आम्ही उतरलो. आई एकटी मागच्या सीटवर, मधोमध. आणि ती शांतपणे म्हणाली, “मी पाठी बसले तं गारी पाठीच जर व्हईल. ढकलाला तरास व्हईल तुमाला.”

पाठीमागे जड होतं की नाही, हे मला माहीत नाही. भावोजींना माहीत असणार, पण त्या घडीला गाडीबद्दल आणखी एक वाक्य बोलायची त्यांची हिंमत नव्हती. त्यांनी मुकाट्याने मागचं दार उघडलं. आई नारळ छातीशी सांभाळत बाहेर आली, आणि आत्याबाईंनी हरकत घ्यायच्या आत पाय जमिनीला टेकला न टेकलासा केला. मग भावोजींनी स्वतः, आपल्या हाताने, पुढचं डावं दार उघडलं.

“बसा, मामी,” ते म्हणाले.

ती बसली. पदर सारखा केला. नारळ मांडीवर घेतला आणि एक हात खिडकीवर ठेवला. अगदी तसाच, त्या पाहुण्या बायका ठेवतात तसा.

मग जे काही झालं ते डोळ्यांपुढून जात नाही. एका बाजूने भावोजी, इस्त्रीच्या शर्टाची वाट लागलेली, नाक काळं. दुसऱ्या बाजूने बाबा, टोपी डोक्यावरून घसरतेय आणि सावरायला हात मोकळा नाही. मध्ये मी, नवी पैठणी खोचून. आत्याबाईंनी ढकललं म्हणता येणार नाही, पण गाडीला हात लावून त्या चालत होत्या आणि आम्हाला सूचना देत होत्या. आणि आत प्रीतम सुकाणूवर, त्याच्या शेजारी आई, समोर बघत. समोर कुणाचं डोकं नाही, कुणाची पाठ नाही. नुसता रस्ता, आणि रस्त्याच्या डाव्या अंगाला जिथे आता तीन मजली बिल्डिंग आहे, तिथे आमचं शेत होतं. तिने तिकडे मान वळवून बघितलं, पुन्हा समोर बघितलं.

बाबा ढकलत ढकलत बाजूने पुढे सरकले आणि तिच्या खिडकीशी आले. धाप लागली होती. तिच्याकडे बघायची त्यांना लाज वाटत होती, हे मला मागून दिसत होतं. त्यांनी विचारलं, “बरा वाटतंय नं?”

“जरा हलू ढकला,” आई म्हणाली. “नारल हलतंय.”

बाबा हसले. मग मी हसले, आणि मग भावोजीही हसले. त्यांच्या मोठेपणाची गोष्ट म्हणजे ते हसले.

वेशीवरच्या लोकांना दुरून दिसलं ते एवढंच, की हार घातलेली पांढरी गाडी देवाच्या पालखीसारखी हळूहळू येतेय, पुढे नारळ घेऊन गोजराबाई बसलीय आणि घरची माणसं, जावयासकट, गाडी हाताने आणतायत. बेंजोवाल्यांनी जो काही ठेका धरला! पोरं पळत आली आणि ढकलायला लागली. कुणीतरी गुलाल आणला. देवळापर्यंत गाडी आमच्या हातांनीच गेली. कुणी विचारलंच नाही की इंजिन का बंद आहे. एका म्हाताऱ्याने तर बाबांच्या पाठीवर हात ठेवून सांगितलं की गोटीराम, गाडी आणावी तर अशी, देवीच्या दारात मशीन चालू ठेवून घुसायचं नाही. आत्याबाईंनी मान डोलावली, जसं काही हे त्यांनीच आधीपासून ठरवलं होतं.

पुढच्या वर्षी किसनने नवीन गाडी घेतली. टाकी पेट्रोलने काठोकाठ भरलेली. वेशीशी आल्यावर त्याने इंजिन बंद केलं, सगळे उतरले, बायकोला नारळ देऊन पुढे बसवलं आणि गाडी ढकलत देवळात नेली. आता आमच्या गावात तशीच पद्धत आहे. पूर्वापार आहे म्हणून सांगतात. आम्ही काही बोलत नाही.

पण मला खरं सांगायचंय ते त्या दिवशी संध्याकाळचं. पाहुणे गेले होते, प्रीतम कॅन घेऊन पेट्रोल आणायला गेला होता. आई आणि मी भांडी आवरत होतो. मला एकदम तो टायवाला आठवला, वाकून मीटरकडे बोट दाखवणारा. मी विचारलं की आई, तो तुम्हाला काय सांगत होता?

ती म्हणाली, सांगत होता की तुमच्या माणसांनी लय वेळ मशीन चालू ठेवलं, आता पंपापर्यंत पोचेल एवढंच पेट्रोल राहिलंय. काटा लाल पट्टीत आला की गाडी थांबणार.

मी ताट खाली ठेवलं. म्हणजे तुम्हाला सगळं माहीत होतं? मग बोलला का नाहीत?

“बोलले नं मी. दोन टाइम बोलले.” तिने पातेलं पालथं घातलं, हात पदराला पुसले. “पाठी बसलेल्या मानसाचा पुढं कोन आयकतंय, सुचिता? म्हनून तं मना पुढं बसाचा व्हता.”

मला वाटत होतं, तिला मान हवा होता, खिडकी हवी होती, वारा हवा होता. आम्हा सगळ्यांना तेच वाटत होतं. दाराशी बाबा उभे होते. त्यांनी ऐकलं होतं. ते आले तसे परत गेले आणि बराच वेळ अंगणात त्या गाडीपाशी उभे राहिले.

रविवारी आम्ही पहिल्यांदा सगळे मिळून बाहेर निघालो. भावोजी आले होते. ते सवयीने पुढच्या दाराकडे वळले, तर बाबा मध्ये येऊन उभे राहिले. जावयाला काही म्हणाले नाहीत. फक्त पुढचं दार उघडून धरलं आणि घराकडे बघून आईला हाक मारली. ती आली, बसली, पदर सारखा केला. आम्ही मागे कोंबून बसलो, भावोजी मधोमध, गुडघे हनुवटीला.

प्रीतमने किल्ली अर्धी फिरवली, पण गाडी चालू केली नाही. थांबला आणि शेजारी वळून म्हणाला, “आई, पेट्रोल हाय का?”

आईने सावकाश काटा बघितला. मग समोर बघितलं.

“हाय,” ती म्हणाली. “चल.”